आयसीयूमध्ये एमबीबीएसची बॅच: नव्याने शिकवणाऱ्यांसाठी

सिनियर रेसिडेंट किंवा सहायक प्राध्यापक म्हणून रुजू होऊन आठवडा होत नाही तोच विभागप्रमुख सांगतात, "सोमवारपासून फायनलची बॅच आयसीयूत येतेय, दोन आठवडे तुम्हीच घ्या." मग बहुतेक जण व्हेंटिलेटरच्या मोडपासून सुरुवात करतात. तो विषय डोक्यात ताजा असतो आणि मशीनशेजारी उभे राहून बोलायला बरेही वाटते. पोस्टिंग वाया जाते ती इथेच.

धुळे, जळगाव किंवा नंदुरबारच्या महाविद्यालयातून बाहेर पडलेला विद्यार्थी इंटर्नशिप संपवून धडगाव, अक्कलकुवा, यावल नाहीतर शिरपूरकडच्या एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्रात बसतो. तिथे व्हेंटिलेटर नसतो. त्याच्या टेबलासमोर येतो तो आयसीयूत पोहोचायला अजून सहा तास असलेला रुग्ण. म्हणून पदवीच्या मुलांना आयसीयूत शिकवायचे ते हे आधीचे सहा तास: रुग्ण खालावतोय हे ओळखणे, पहिल्या दहा मिनिटांत हाताने करायच्या गोष्टी आणि योग्य माणसाला योग्य फोन. पीईईपी (श्वास सोडल्यावरही व्हेंटिलेटर फुप्फुसात राखतो तो दाब) किती ठेवायचा हे पुढे एमडीला शिकतील.

बॅच येण्याआधी

आधी सिस्टर इन्चार्जशी बोलून घ्या, वेळापत्रक नंतर. सकाळी आठ आणि दुपारी दोनच्या आसपास ड्युटी बदलते, तेव्हा दहा मुले खाटेभोवती उभी राहिली तर औषधांचा हँडओव्हर चुकतो. राउंड संपल्यावर ११ ते १२.३० ही वेळ साधारण बरी पडते. बॅच दहाची असेल तर पाच खाटेपाशी आणि पाच मॅनिकिनवर, म्हणजे सरावाच्या पुतळ्यावर. पाऊण तासाने अदलाबदल. एका खाटेपाशी २० मिनिटांपेक्षा जास्त थांबू नका. रुग्ण थकतो, आणि मागच्या दोन मुलांचे लक्ष तसेही तोवर उडालेले असते.

रुग्ण सकाळीच निवडून ठेवा. सर्वांत गंभीर रुग्ण शिकवायला सर्वांत वाईट, कारण तिथे तुमचेच लक्ष दुभंगते. एक ऑक्सिजनवर असलेला, एक प्रेशरच्या औषधावर असलेला आणि एक व्हेंटिलेटरवरून उतरत असलेला, एवढे तिघे पुरतात. शुद्धीवर असेल तर रुग्णाला स्वतः विचारा, नसेल तर नातेवाइकांना.

नियम पहिल्याच दिवशी सांगा. बाह्या कोपराच्या वर. मनगटावर घड्याळ नको आणि दोराही नको. या दोऱ्यावरून कुरकुर होते, पण ओला दोरा एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर काय नेतो हे सांगितले की मुले काढतात. हॅन्डरब तळहात भरून घ्यायचा आणि २० ते ३० सेकंद चोळायचा. पंपाला, स्टॉपकॉकला, व्हेंटिलेटरच्या बटणांना हात नाही. अलार्म वाजला तर बंद करायचा नाही. कुठल्या खाटेचा आहे ते मोठ्याने सांगायचे.

पहिला दिवस: मॉनिटरवर टॉवेल

मॉनिटरच्या पडद्यावर टॉवेल टाका. अलार्म चालूच राहतील आणि पडद्यावर तुमच्या रेसिडेंटची नजर बाजूने राहील, एवढी काळजी घ्या. मुलांना पायथ्याशी उभे करून एक मिनिट काही न बोलता फक्त रुग्णाकडे पाहायला सांगा. बसलाय की झोपलाय? मानेचे स्नायू ओढले जातायत का? वाक्य पूर्ण बोलतो की दोन शब्दांवर थांबतो? पायाची बोटे कुठल्या रंगाची?

मग श्वास मोजायला लावा, घड्याळ लावून पूर्ण ६० सेकंद. एक हात नाडीवर ठेवून मोजायचे, म्हणजे आपला श्वास कोणी मोजतेय हे रुग्णाला कळत नाही. प्रत्येकाने आपला आकडा चिठ्ठीवर लिहून घडी घालून द्यायचा. पाच चिठ्ठ्यांत पाच आकडे निघतात. त्यानंतर केसपेपर उघडा. तिथे रात्रभर '२०, २०, २०' लिहिलेले असण्याची शक्यता दांडगी. सगळ्या नोंदींत श्वासाचा दर हीच सर्वाधिक अंदाजाने भरली जाणारी नोंद असते, आणि रुग्ण घसरायला लागला की बहुतेकदा सर्वांत आधी हलते तीही हीच. टॉवेल काढल्यावर मॉनिटरवरचा आकडाही तपासून पाहा. तो ईसीजीच्या लीडमधून छातीची हालचाल मोजतो, त्यामुळे रुग्ण हात हलवत असेल, थरथरत असेल तर तोही फसतो.

त्याच दिवशी न्यूज-२ हा गुणतक्ता द्या. इंग्लंडच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१७ मध्ये काढलेली ही आवृत्ती. श्वास, सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी), ऑक्सिजन लावलाय का, वरचा दाब, नाडी, शुद्ध आणि ताप अशा सात गोष्टींना गुण. तक्ता पाठ करून घेऊ नका, उदाहरण सोडवून घ्या: श्वास २६ (३ गुण), सॅच्युरेशन ९३ (२), ऑक्सिजन चालू (२), दाब १०४ (१), नाडी ११८ (२), शुद्धीवर (०), ताप ३८.४ सेल्सियस (१). बेरीज ११. पाचला तातडीने डॉक्टरने पाहायचे, सात किंवा त्याहून जास्त झाले तर आणीबाणी. याच रुग्णाला वॉर्डात "बीपी ठीक आहे, बघू उद्या" म्हटले जाते. दाब शेवटी पडतो हे व्याख्यानात दहादा सांगून जे उतरत नाही, ते या एका बेरजेत उतरते. एक मर्यादा मात्र सांगाच: हा तक्ता १६ वर्षांखालील मुलांना आणि गरोदर बाईला लावायचा नाही.

ऑक्सिजन: मास्क, पिशवी आणि सिलिंडरचे गणित

तीन साधने टेबलावर ठेवा. नेझल प्रॉन्ग्ज: १ ते ६ लिटर, लिटरमागे साधारण ४ टक्के वाढ. साधा मास्क: ५ ते १० लिटर, पाचच्या खाली चालवला तर सोडलेलाच श्वास परत आत जातो. पिशवीचा नॉन-रिब्रीदर: १० ते १५ लिटर. सर्वाधिक चुका या तिसऱ्यात. पिशवी न भरता मास्क तोंडावर लावतात, किंवा ६ लिटरवर ठेवतात आणि पिशवी चिंचेच्या सालीसारखी चिकटून बसते. आतल्या झडपेवर बोट ठेवून पिशवी फुगवायची, मगच तोंडावर; श्वास घेताना ती थोडी खाली जावी, पूर्ण बसू नये.

सॅच्युरेशनचे लक्ष्य ९४ ते ९८. सीओपीडीच्या, म्हणजे धुराने श्वासनळ्या कायमच्या अरुंद झालेल्या रुग्णाला ८८ ते ९२. सीओपीडी म्हटले की मुलांच्या डोळ्यांसमोर बिडी ओढणारे आजोबा येतात. जन्मभर चुलीच्या धुरात स्वयंपाक केलेली, बिडीला कधी हातही न लावलेली आजी त्या यादीत घालायला सांगा.

मग गणित. बी-टाइप सिलिंडर भरलेला असताना १५० किलो दाब दाखवतो आणि त्यात सुमारे १,५०० लिटर ऑक्सिजन असतो. १० लिटरने चालवला तर १५० मिनिटे. काटा ७५ वर असेल तर ७५ मिनिटे. धडगावहून चांदसैली घाट उतरून तळोद्यामार्गे नंदुरबार गाठायचे आहे, काटा ७५ वर आहे, रुग्ण १२ लिटरवर आहे: निघायचे का? मुलांना कागदावर करू द्या. ७५० भागिले १२ म्हणजे जेमतेम ६२ मिनिटे, उत्तर 'दुसरा सिलिंडर घेतल्याशिवाय नाही'. वाटेत काटा पाहत बसलेल्या माणसाला हे गणित गाडीत सुचत नाही.

अँब्यू बॅग

दोन आठवड्यांतले एकच कौशल्य निवडायची वेळ आली तर अँब्यू बॅग, म्हणजे मास्क लावून हाताने दाबायची श्वासाची पिशवी, निवडा. नळी घालायला शिकवण्यापेक्षा बॅग-मास्क शिकवणे जास्त जीव वाचवते, आणि नेमके हेच 'येते' असे गृहीत धरले जाते.

डोके किंचित मागे, अंगठा आणि तर्जनीने मास्कवर इंग्रजी सी, उरलेली तीन बोटे जबड्याच्या हाडावर. बोटे हनुवटीखालच्या मऊ भागावर गेली की जीभ वर ढकलली जाऊन वाटच बंद होते. मास्क चेहऱ्यावर दाबायचा नसतो. जबडा मास्कमध्ये उचलून आणायचा असतो. दोघे असतील तर एकाने दोन्ही हातांनी मास्क धरावा, दुसऱ्याने पिशवी दाबावी. मोठ्या माणसाची पिशवी दीड लिटरच्या आसपास असते, ती साधारण तिसरा हिस्सा दाबली की पुरे: छाती उठताना दिसली की थांबा. एका सेकंदात दाबायची, दर सहा सेकंदांनी एकदा.

आता प्रत्येकाला मॅनिकिनवर सलग दहा मिनिटे दाबायला लावा आणि एकाला बाजूला स्टॉपवॉच घेऊन गुपचूप मोजायला बसवा. वेग वाढत जातो, आणि दाबणाऱ्याला पत्ताच नसतो. घाईने आणि जोराने दाबलेली हवा पोटात जाते, पोट फुगते, उलटी होते आणि ती फुप्फुसात उतरते. रुग्णाची स्थिती बिघडण्याचे कारण मग आपलाच हात असतो.

हात दुखायला लागले की एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. १९५२ मध्ये कोपनहेगनला पोलिओची मोठी साथ आली. भूलतज्ज्ञ ब्यर्न इब्सेन यांनी गळ्याला छिद्र पाडून नळी घातली आणि पिशवीने हाताने श्वास देणे सुरू केले. पिशव्या दाबायला मशीन नव्हते. सुमारे दीड हजार विद्यार्थी पाळ्या लावून कित्येक आठवडे दाबत बसले. आजच्या आयसीयूची सुरुवात बहुतेक जण तिथूनच धरतात.

फवारणीचा हंगाम: ॲट्रोपिनचे मोजमाप

खानदेशात कापसावर फवारणी सुरू झाली की विषबाधेच्या खाटा भरतात, त्यामुळे हा विषय पाठ्यपुस्तकावर सोडू नका. पहिला धडा भाषेचा. नातेवाईक "औषध घेतलं" म्हणतात. औषध म्हणजे काय, हे बाटली हातात आल्याशिवाय ठरवायचे नाही. बाटलीवर मोठ्या अक्षरांतले नाव वाचायचे नाही, बारीक अक्षरांतला मूळ घटक वाचायचा. धान्यात ठेवायच्या सेल्फॉसच्या गोळ्या, पायरेथ्रॉइड आणि ऑर्गॅनोफॉस्फरस या तिन्हींना घरी 'औषध'च म्हणतात. ॲट्रोपिन हा उतारा त्यातल्या शेवटच्याचा.

पुढचा धडा हातमोजे घालून: कपडे काढा, अंग साबणाने धुवा, केस विसरू नका. त्यानंतर गणित. ॲम्प्यूल ०.६ मिलिग्रॅमची. सुरुवात १.८ मिलिग्रॅम, म्हणजे ३ ॲम्प्यूल. पाच मिनिटांनी तपासा. छातीतला घरघराट तसाच असेल तर दुप्पट, ६ ॲम्प्यूल. पुन्हा पाच मिनिटांनी १२. इथे मुलांना मुदत संपलेल्या किंवा नुसत्या पाण्याच्या बारा ॲम्प्यूल द्या आणि घड्याळ लावून फोडून २० मिलिलिटरच्या सिरिंजमध्ये भरायला लावा. दोघांची बोटे कापतात, एकाची काच सिरिंजच्या टोकाशी येते, आणि पाच मिनिटे किती लवकर संपतात ते सगळ्यांना कळते. पुढच्या वेळी ते स्वतःहून म्हणतात की एकाने फोडायच्या, एकाने भरायच्या, तिसऱ्याने छाती ऐकायची.

कुठे थांबायचे? छाती दोन्हीकडे साफ, काख कोरडी, नाडी ८० च्या वर, वरचा दाब ८० च्या वर, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या राहिलेल्या नाहीत. काखेत प्रत्येकाने स्वतः बोट घालून पाहायचे. दोन चुका ठरलेल्या. नाडी १२० झाली म्हणून ॲट्रोपिन थांबवतात, छाती मात्र अजून भरलेलीच असते. उलट्या बाजूला, एकाच फुप्फुसाच्या तळाशी आवाज येत असतो, तो पोटातले आत गेल्याचा असतो, आणि त्याच्यामागे लागून ॲट्रोपिन वाढवत नेतात. मग रुग्ण बडबडतो, खाटेवरून उठतो, लघवी अडते, आतड्याचे आवाज बंद होतात, ताप चढतो. उन्हाळ्यात पंखा गरम हवा फेकत असताना हा ताप हवेचा म्हणून सोडून दिला जातो.

एकूण २१ ॲम्प्यूल, १२.६ मिलिग्रॅम लागले असतील तर तासाला त्याच्या १० ते २० टक्के, म्हणजे साधारण १.३ ते २.५ मिलिग्रॅम चालू ठेवायचे. १.५ धरले तरी २४ तासांना ३६ मिलिग्रॅम, साठ ॲम्प्यूल. प्राथमिक केंद्राच्या कपाटात किती असतात हे पोरांना विचारा आणि गप्प बसा.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी रुग्ण बरा दिसतो, तेव्हा एक साधी तपासणी: "डोकं उशीवरून उचला." उचलता आले नाही तर मानेचे स्नायू गळत चालले आहेत, श्वास त्यामागून जाईल. इंटरमिजिएट सिंड्रोम १ ते ४ दिवसांत येतो आणि वॉर्डात पाठवलेल्या रुग्णाला गाठतो.

सर्पदंशाला अर्धा तास पुरतो, कारण चूक एकाच जागी होते: वीस मिनिटांची रक्त गोठण्याची चाचणी. नवी, कोरडी काचेची नळी, २ मिलिलिटर रक्त, २० मिनिटे हलवायचे नाही, मग एकदाच तिरपी करायची. प्लास्टिकची किंवा साबणाने धुतलेली नळी घेतली तर चांगले रक्तही गोठत नाही आणि विनाकारण सर्पदंशावरचे प्रतिविष दिले जाते. मण्यारच्या दंशात ही चाचणी चांगलीच येते. जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोटात दुखतेय म्हणून आला आणि पापण्या जड आहेत, एवढ्यावर संशय घ्यायचा. एका श्वासात किती आकडे मोजता येतात ते दर अर्ध्या तासाने लिहून ठेवायला लावा. आकडा घसरतोय का ते महत्त्वाचे.

शॉक

शॉक म्हणजे अवयवांना रक्त कमी पडणे. बोटाचे टोक दहा सेकंद दाबून सोडा. रंग परतायला तीन सेकंदांपेक्षा जास्त लागले तर रक्तपुरवठा कमी. मुले दोन सेकंदच दाबतात आणि निकाल चुकतो. गुडघ्यावरची जाळीदार निळसर छटा चादर वर केल्याशिवाय दिसत नाही, म्हणून चादर वर करायला शिकवा.

सेप्टिक, म्हणजे जंतुसंसर्गाने आलेल्या शॉकमध्ये पहिल्या तीन तासांत किलोमागे ३० मिलिलिटर सलाइन किंवा रिंगर, आणि तासाभरात प्रतिजैविक. वजन विचारायचे, अंदाजाने ६० किलो धरायचे नाही. सातपुड्यातल्या ४० किलोच्या बाईला १,२०० होतात. सवयीने दोन लिटर गेले की ती दुसऱ्या दिवशी फुप्फुसात पाणी घेऊन येते. दर अर्ध्या लिटरनंतर छाती ऐकायची. सरासरी दाब काढायला शिकवा: वरचा अधिक खालच्याची दुप्पट, भागिले तीन. ८६/५० म्हणजे ६२, हवा ६५.

व्हेंटिलेटर, एवढेच

मशीनवरच्या रुग्णाचे सॅच्युरेशन अचानक पडले तर काय? नळी सरकली, नळी तुंबली, न्यूमोथोरॅक्स झाला (फुप्फुसाबाहेर छातीत हवा साचली), मशीन बिघडले: डोप (DOPE) या इंग्रजी आद्याक्षरांनी लक्षात ठेवतात. हातांचा क्रम मात्र वेगळा: मदत बोलवा, मशीनपासून सोडवा, पिशवी १०० टक्के ऑक्सिजनवर लावून हाताने द्या. पिशवी मऊ चालली आणि सॅच्युरेशन चढले तर दोष मशीनचा. कडक लागली तर सक्शनची नळी घालून पाहा, छाती दोन्हीकडे ऐका. हे मॅनिकिनवरच, बाकी मोडबिड राहू द्या.

फोन आणि नातेवाईक

दोन मुलांना पाठीला पाठ लावून बसवा, फोनवर बोलल्यासारखे. एक केंद्रात, एक आयसीयूत. साठ सेकंद. चांगला फोन असा ऐकू येतो:

"सर, केंद्रातून डॉक्टर बोलतोय. ५५ वर्षांचा पुरुष, तीन दिवस ताप-खोकला. श्वास ३२, नॉन-रिब्रीदरवर १२ लिटरला सॅच्युरेशन ९१, बीपी ८६/५०, शुद्धीवर. न्यूमोनिया आणि सेप्टिक शॉक वाटतोय. एक लिटर सलाइन दिलंय, सेफ्ट्रियाक्सोन २ ग्रॅम १० वाजून २० मिनिटांनी. १०८ निघतेय, दीड तास लागेल. खाट आहे का, आणि वाटेत काय करू?"

पहिल्या फेरीत बहुतेक जण वय आणि "सिरियस आहे सर" एवढेच सांगतात. समोरच्याने जे प्रश्न विचारले ते फळ्यावर लिहा. तेच रेफरल चिठ्ठीचे रकाने होतात.

नातेवाइकांशी बोलताना विद्यार्थ्याने आधी दोनदा फक्त ऐकावे. रोगाचे भवितव्य त्याने एकट्याने सांगू नये. बाहेर पंधरा माणसे असतात. निर्णय कोण घेतो आणि आजारपणात जवळ कोण होते, या दोन वेगळ्या व्यक्ती असू शकतात, दोघांनाही आत बोलवा. "मशीनवर टाकलं म्हणजे संपलं" ही समजूत घट्ट आहे, ती "व्हेंटिलेटर सपोर्ट" म्हटल्याने जात नाही. "आप्पांचा श्वास थकलाय, मशीन त्यांच्या वाटचं थोडं काम करतंय, जगतील का ते पुढच्या दोन दिवसांत कळेल" हे मुलांनी स्वतःच्या तोंडाने म्हणून पाहावे. लातूर-पुण्याकडून आलेल्या मुलांना निदान "दम लागस का?" एवढी अहिराणी यावी, पावरी-भिली बोलणाऱ्या घरांसाठी दुभाषा लागतो. पाणी-जेवणाची विचारपूस वॉर्डातल्या मावशींमार्फत चालेल, संमती आणि मृत्यूची बातमी त्यांच्यावर ढकलू नका.

पोस्टिंगमध्ये एखादा रुग्ण जातोच. त्या दिवशीचा ठरलेला विषय सोडा, मुलांना बाजूच्या खोलीत दहा मिनिटे बसवा आणि काय पाहिले ते विचारा. काही जणांनी मृत्यू पहिल्यांदाच पाहिलेला असतो.

शेवटचा दिवस

पाच टेबले, प्रत्येकी पाच मिनिटे: श्वास मोजून गुण काढणे, बॅग-मास्क, सिलिंडरचे हिशेब, ॲट्रोपिनचा दुसरा आणि तिसरा डोस, फोन. मोडची नावे विचारू नका. बॅग-मास्कच्या टेबलावर एक अट आधीच लिहून ठेवा: पहिल्या ३० सेकंदांत मदत बोलावली नाही तर बाकी सगळे बरोबर असले तरी टेबल पुन्हा द्यायचे. हुशार मुले इथेच अडकतात, कारण ती एकट्याने सगळे करू पाहतात. लॉगबुकवर सही त्याच दिवशी, त्याच टेबलाशी करा. महिन्याने गठ्ठा घेऊन येणाऱ्यांच्या पानावर कोणाने काय केले ते तुम्हालाही आठवत नसते.